बाईंनी नाव घेतलं

बाईंनी तिकिटाचं मशीन पोटावरून डाव्या कुशीकडे सरकवलं, पेन अंबाड्यात खोचलं आणि शेजारच्या म्हातारीला "जरा सरका वो मावशी" म्हटलं, की समजायचं, आता कुणाचं तरी थोबाड फुटणार. मी आरशातून बघत असायचो. ड्रायव्हरच्या डोक्यावरच्या आरशात मागची अख्खी गाडी दिसते. मशीन कुशीकडे गेलं की मी वेग कमी करायचो. बाईंचा तोल जायला नको, आणि समोरच्याला चुकवायला जागा मिळायला नको.

सांगली-सातारा गाडीवर आम्ही सहा वर्षं जोडीनं ड्यूटी केली. मी ड्रायव्हर, त्या कंडक्टर. तुमच्यापैकी कुणी त्या गाडीनं गेलं असेल तर बाई तुम्ही पाहिल्याच असणार. उंचीनं बेताच्या, अंगानं वाळक्या, पण हाताचे पंजे असे की शंभराची चिल्लर एका मुठीत मावून वर जागा उरायची.

एकदा इस्लामपूरला एक माणूस चढला. चाळिशीचा, इस्त्रीचा शर्ट, खिशाला दोन पेनं. शाळेतल्या एका मुलीच्या मागे उभा राहिला आणि प्रत्येक वळणाला तिच्या अंगावर कलायला लागला. रस्ता सरळ असतानासुद्धा कलायला लागला, तेव्हा बाईंनी मशीन सरकवलं.

"तिकीट कुठलं हाय तुमचं?"

"आष्टा."

"मग आष्ट्यापतोर खायाचं."

आणि खरोखर आष्ट्यापर्यंत मारलं हो त्याला! मधे एका थांब्याला चार माणसं चढली. त्यांची तिकिटं काढली, सुट्टे पैसे दिले, घंटी मारली, आणि परत येऊन राहिलेला मार पुरा केला. नाकातून रक्त आलं तेव्हा स्वतःचा रुमाल दिला, "शीट खराब करू नगा" म्हणून. आष्टा आलं तसं दार उघडून म्हणाल्या, "उतरा. तुमचं ठिकाण आलं." गाडीतली माणसं टाळ्या वाजवत होती. मीही हॉर्न वाजवला. खोटं कशाला बोलू, मला लय आनंद झाला होता.

अशी बाई. आणि हीच बाई महिन्यातून एकदा-दोनदा सुजलेलं तोंड घेऊन ड्यूटीवर यायची.

आता माझ्या अब्रूचा विषय येतो, तेव्हा नीट ऐका. मी बावीस वर्षं गाडी चालवतोय. माझ्या हातून कोंबडीसुद्धा मेलेली नाही. घाटात माझ्या गाडीत बसून बाया सुईत दोरा ओवतात. आणि डेपोत माझं नाव काय पडलं होतं? 'कचका.' कारण बाईंच्या डोळ्याखाली काळं दिसलं आणि कुणी विचारलं, की बाई शांतपणे सांगायच्या, "काय न्हाई वो, दादांनी कचकन् ब्रेक मारला. दांडीवर आपटले." दंड काळानिळा? दादांनी ब्रेक मारला. ओठ फाटला? ब्रेक. करंगळी मोडली? तोच ब्रेक, मीच दादा. दवाखान्याच्या कागदावर डॉक्टरांनी दर वेळी तेच लिहिलं. वर्कशॉपच्या लोकांनी माझ्या गाडीचे ब्रेक तीनदा खोलून पाहिले. ब्रेक चांगले होते. म्हणजे दोष कुणाचा? माझा! कँटीनमध्ये मी चहाला गेलो की कुणीतरी मुद्दाम कप धरून ठेवायचा. "कचका आला, सांडंल!"

एक दिवस माझं डोकं फिरलं. साताऱ्याच्या स्टँडवर गाडी लावली, खाली उतरलो आणि म्हणालो, "बाई, मी तुमचं काय घोडं मारलंय? काल आपली ड्यूटीच नव्हती. काल गाडी वर्कशॉपला होती. मग हे कपाळावरचं टेंगूळ कुणाच्या ब्रेकचं?"

त्या वेळी बाई डबा उघडत होत्या. झाकण परत लावलं.

"दादा, तुमचं नाव घेतलं तर तुमी नुसतं चिडता. दुसऱ्याचं घेतलं तर मला घरात राहता येत न्हाई."

बस्स, एवढंच. मग डबा माझ्यापुढे सरकवला आणि म्हणाल्या, "वांगं हाय. घ्या."

मी वांगं खाल्लं. त्या दिवसापासून मला सगळं माहीत होतं आणि त्या दिवसापासून मी गप्प होतो. कुणी कचका म्हटलं की हसायचो. मला वाटायचं, मी बाईंना मदत करतोय. कसली मदत! माझ्या गप्प बसण्याची किंमत पुढं बाईंनी भरली.

बाईंच्या नवऱ्याला अख्खा डेपो ओळखायचा. आष्ट्याजवळच्या गावात त्यांचा बारमाही ऊस. माणूस गोरा, स्वच्छ धोतर-टोपी, आवाज चढवणं ठाऊक नाही. गुऱ्हाळ सुरू झालं की काकवीचा डबा घेऊन डेपोत यायचा, कंट्रोलरपासून झाडूवालीपर्यंत सगळ्यांना वाटायचा. मला हात जोडून म्हणायचा, "ड्रायव्हरसाहेब, आमच्या मंडळीला जरा सांभाळून न्या. ब्रेक हळू मारत जावा." आणि हसायचा. त्या हसण्याकडे बघत मी त्याची काकवी घेतली आहे. घरी नेऊन भाकरीबरोबर खाल्ली आहे. आज आठवलं की स्वतःच्याच दोन थोबाडीत माराव्याशा वाटतात.

बाईंनी नवऱ्याचं नाव कधी घेतलं नाही. तुम्ही म्हणाल, कोण घेतं? आता घेतात हो सगळ्या. आमच्या डेपोतल्या नव्या पोरी तर नवऱ्याला अरे-तुरे करतात. पण बाई कागदावरही नाव लिहायच्या नाहीत. फॉर्म आला की माझ्यापुढे धरायच्या, "तेवढी रेघ तुमी भरा." संक्रांतीला डेपोत हळदीकुंकू झालं. सगळ्या बायकांनी उखाणे घेतले. बाईंची पाळी आली तशा उठून चहा वाटायला लागल्या.

"नाव घ्या की बाई!" सगळ्यांनी गिल्ला केला.

"नगं. आमच्यात म्हनत्यात, बायकुनं नाव घेतलं की नवऱ्याचं आयुष्य कमी व्हतं."

मी दारात उभा होतो. बाईंच्या डाव्या हाताला तेव्हा प्लास्टर होतं. ते प्लास्टर सांभाळत त्या चहाचा ट्रे धरून उभ्या होत्या आणि त्याच्या आयुष्याची काळजी करत होत्या. माझ्या तोंडात शिवी आली, ती मी चहाबरोबर गिळली.

मग आमच्या गाडीत श्रेया आली.

श्रेया आष्ट्याची. घर जैन, वडिलांचं बियाण्यांचं दुकान, घरात कांदा-लसूण नाही, सूर्य मावळल्यावर जेवण नाही. आणि ही पोरगी सांगलीला इंजिनिअरिंगला जाताना अंगात काळा टीशर्ट, त्यावर हाडांचा सापळा, सापळ्याच्या तोंडात साप. एके सकाळी तिच्या मोबाइलवर एवढ्या मोठ्यानं गाणं लागलं की मला वाटलं गाडीचं गिअरबॉक्स फुटलं. गाणं कसलं, कुणाला तरी जिवंत सोलतायत असा आवाज.

बाई गेल्या. "मोबाइलचं तिकीट काढलंयस का?"

"सॉरी मावशी. हेडफोन तुटलाय."

"बघू." बाईंनी मोबाइल घेतला आणि कानाला लावला. मला वाटलं, आता खिडकीतून फेकणार. पण बाई तशाच उभ्या. एक थांबा गेला, दुसरा गेला. घंटी मारायची राहिली म्हणून मागून माणसं ओरडली. शेवटी मोबाइल खाली घेतला आणि विचारलं, "ह्यो कोन वरडतोय? कुनी मारलंय ह्याला?"

श्रेया हसली. "मावशी, बँड आहे हा. मराठीतच गातात. अंडरग्राउंड बँड."

"अंडरग्राउंड?" बाईंचा आवाज एकदम खाली आला. "म्हंजे भूमिगत?"

इथं मला थोडं थांबून सांगायला हवं. आमच्या सांगली-साताऱ्याकडं 'अंडरग्राउंड' हा शब्द काही पुण्या-मुंबईचा नाही. आमची म्हातारी माणसं अजून हा शब्द उच्चारताना आवाज खाली आणतात. इंग्रजांच्या वेळी जे घर सोडून रानात गेले, उसात झोपले, ते अंडरग्राउंड. बाईंचं माहेर पलूसकडचं. त्यांची आजी भाकरीची बुट्टी डोक्यावर घेऊन, वर शेणी रचून, पोलिसांच्या डोळ्यांदेखत रानात जायची आणि भूमिगतांना जेवू घालून यायची. आजी सांगायची, गावात कुणी बायकोला गुरासारखं मारत असला तर भाकरी पोचवणारी बाई फक्त त्याचं नाव सांगायची. बाकी काही नाही, नुसतं नाव. मग एके दिवशी चार माणसं यायची, त्याला खाटेवर पालथा बांधायची आणि तळपायांवर असं हाणायची की पुढं वर्षभर तो टाच टेकत नसे. बाई ही गोष्ट मला घाटात, टोल नाक्यावर, पंक्चर काढताना, शंभरदा सांगायच्या. शेवटी म्हणायच्या, "नुसतं नाव द्यायाचं, दादा. किती सोप्पं!"

तर आता बाईंच्या डोक्यात दोन अक्षरांनी घोटाळा केला. श्रेया म्हणाली बँड, बाईंनी ऐकलं बंड.

"कुनाच्या इरुद्ध बंड हाय?"

"सगळ्यांच्याच," श्रेया म्हणाली. तिला काय कल्पना!

"आनि पोलीस?"

"येतात ना मावशी. दोन वेळा प्रोग्राम बंद पाडलाय."

त्या दिवसापासून बाई श्रेयाजवळ कुजबुजत बोलायला लागल्या. गाडीत कुणी अनोळखी बसलं की डोळ्यांनी खुणावायच्या, "आत्ता नगं." मी तीन दिवस गंमत बघितली आणि चौथ्या दिवशी मला राहवेना. "बाई, ती गाणारी पोरं आहेत. गिटार वाजवतात. बंड-बिंड काही नाही."

बाईंनी माझ्याकडं असं बघितलं की मला माझीच लाज वाटली. "मला काय कळत न्हाई व्हय? शेंबडी हाय का मी? पोरं हायत, वरडत्यात. पर श्रेया म्हनली, त्येंच्या कार्यक्रमात शेवटाला माइक फिरवत्यात. ज्येनं मारलं त्येचं नाव घ्या म्हनत्यात. आनि मग सगळी मिळून त्येला हाणत्यात. गाण्यातच हाणत्यात, पर हाणत्यात न्हवं?" मग खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, "मानसानं कुठंतरी नाव तर द्यावं, दादा. सव्वीस वर्सं झाली."

प्रोग्राम साताऱ्याला होता, रविवारी दुपारी, एमआयडीसीतल्या बंद पडलेल्या एका फरशीच्या गोदामात. बाईंनी साप्ताहिक सुट्टी घेतली आणि घरी सांगितलं, जादा गाडी आहे. मीही सुट्टी घेतली. माझ्या बायकोला खरं सांगितलं. ती म्हणाली, "जावा. आणि त्या माउलीला एकटी सोडू नका." तिचं अर्धं मी ऐकलं.

आपल्याच गाडीत प्रवासी म्हणून बसणं ही शिक्षा असते. नवा ड्रायव्हर क्लच असा सोडत होता की माझे दात आवळले जात होते. बाई कंडक्टरला मागून शिकवत होत्या, "आरं, पुढचं दार बघ, पुढचं!" श्रेया मधे बसून हसत होती. आणि बाईंच्या मांडीवर होती एक बुट्टी, वर पांढरं फडकं.

"ह्यात काय आहे?"

"तीस भाकरी. खर्डा. शेंगाची चटणी." बाईंनी फडकं सारखं केलं. "भूमिगतांच्याकडं रिकाम्या हातानं जात न्हाईत."

पहाटे तीनला उठून थापल्या होत्या. ड्यूटीला एवढ्या भाकरी कशाला विचारलं, तर नवऱ्याला म्हणे सांगितलं, डेपोत सत्यनारायण आहे. सत्यनारायणाला खर्डा! पण तो माणूस स्वयंपाकघरात कधी डोकावलाच नव्हता, तेव्हा पचलं.

गोदाम खरंच जमिनीखाली होतं. वर पत्र्याचं शटर आणि खाली उतरायला पायऱ्या. बाईंनी मला कोपर मारलं, बघा, म्हणाले होते की नाही! खाली शंभर-दीडशे पोरं-पोरी, सगळी काळ्या कपड्यांत. त्यात हिरव्या काठाची साडी आणि हातात बुट्टी घेतलेली आमची बाई. पोरं बाजूला होऊन वाट देत होती.

ती बँडची पोरं पोटमाळ्याखाली वायरी जोडत बसली होती. ओरडणारा तो गायक म्हणजे नुसती काडी. चष्मा लावलेला, बोलायला लागला तर आवाज लाजाळू. "काकू, पाणी देऊ?" बाईंनी त्याला खालपासून वरपर्यंत बघितलं आणि विचारलं, "जेवलायसा का?" नव्हते जेवले. चौघांनी खाली बसून भाकरी खाल्ली. खर्ड्यानं ड्रम वाजवणाऱ्याच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं तरी तो मागून घेत होता. बाई पदरानं वारा घालत होत्या. तसा चेहरा मी त्यांचा सहा वर्षांत पाहिला नव्हता.

मग गाणं सुरू झालं. आईशप्पथ सांगतो, पहिल्या ठोक्याला मी दोन्ही हातांनी कान दाबले. भिंतींची माती पडत होती. पोरांनी मधे गोल केला आणि एकमेकांवर धावून जाऊन धडका द्यायला लागली. कोपरं, खांदे, गुडघे. एकाची भुवई फुटली, रक्त गालावर आलं, आणि तो हसत होता. एक उंच पोरगा श्रेयावर आदळला आणि श्रेया खाली गेली.

बाईंचा हात पोटाकडं गेला. मशीन सरकवायला. मशीन नव्हतं. तशाच घुसल्या गोलात! दोघांच्या कानाखाली असे आवाज काढले की तसल्या गोंगाटातही मला ऐकू आले. मी "बाई! बाई!" करत मागं धावलो तर माझ्या बरगडीत कुणाचं तरी कोपर बसलं, अजून पावसाळ्यात दुखतं. मला वाटलं, आता ही पोरं बाईंना तुडवणार.

पण तोवर चार हातांनी श्रेयाला उचलून उभी केली होती. ज्यानं पाडली त्यानंच तिचा चष्मा शोधून दिला. आणि ज्याला बाईंनी चोपलं त्यानं गाल चोळत बाईंना मिठी मारली. "काकू, एक नंबर!" बाई हात तसाच वर धरून उभ्या राहिल्या. मग माझ्या कानाशी येऊन ओरडल्या, "दादा, पडला की उचलत्यात! मारत्यात, पर पडला की उचलत्यात!" त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं.

शेवटच्या गाण्याआधी तो गायक माइक घेऊन खाली आला. "ज्यानं मारलं त्याचं नाव घ्या," म्हणाला. "एकट्यानं घ्यायचं नाही. आपण सगळे घेऊ." पोरं एकेक नाव ओरडायला लागली. कुणी साहेबाचं, कुणी बापाचं, एका दाढीवाल्यानं गणिताच्या मास्तरांचं. प्रत्येक नावाला सगळी मिळून ओरडायची आणि ड्रमवर एक घाव पडायचा.

माइक बाईंच्या पुढं आला.

बाईंनी पदर डोक्यावरून घेतला.  सव्वीस वर्षं जी जीभ वळली नाही ती अशी कशी वळणार? नाव घ्यायची एकच रीत त्यांना ठाऊक होती. मान खाली घातली, नव्या नवरीसारखी, आणि त्या तळघरात बाईंनी उखाणा घेतला.

"पितळंच्या तांब्यात पानी गारगार, संपतराव मला सव्वीस वर्सं देतोय मार."

 मग जी गर्जना उठली! "संपतराव!" ड्रमचा घाव. "संपतराव!" आणखी घाव. बाईंनी माइक दोन्ही पंजांत धरला आणि मान वर केली. आता उखाणा नव्हता, नुसतं नाव होतं. घसा फाटेस्तोवर. "संपतराव! ह्यो दंड मोडला संपतरावनं! ही करंगळी संपतरावनं! प्वाट पाडलं संपतरावनं, लाथंनं, दोनदा!" हे मलाही माहीत नव्हतं. मी भिंतीला टेकून लहान पोरासारखा रडलो. श्रेया मोबाइल वर धरून सगळं टिपत होती. 

परतीच्या गाडीत बाईंचा आवाज पार बसला होता. घोगऱ्या आवाजात विचारलं, "दादा, एका बायकुनं नाव घेतलं तर आयुष्य कमी व्हतं म्हनत्यात. दीडशे पोरांनी घेतलं. किती कमी झालं असंल वो?" आणि हसायला लागल्या. आम्ही तिघंही हसत सुटलो. पुढची माणसं वळून बघत होती.

आष्टा यायच्या आधी मी म्हणालो, "बाई, आज आमच्याकडं चला. सांगलीला. मंडळी वाट बघतेय."

"न्हाई. आज घरलाच जायाचं. आज मला त्येचं भ्या वाटत न्हाई."

मी आणखी एकदा म्हणायला हवं होतं. हाताला धरून बसवायला हवं होतं. बाई श्रेयाबरोबर उतरल्या, रिकामी बुट्टी काखेत मारली आणि उसाच्या वाटेनं लागल्या. अजून उजेड होता. चाल अशी होती की मला वाटलं, जिंकली बाई.

सकाळी बाई ड्यूटीवर आल्या नाहीत. नऊला कळलं, सरकारी दवाखान्यात आहेत.

पुढचं आधी सांगून टाकतो, म्हणजे तुमचा जीव टांगणीला नको. बाई वाचल्या. आता सांगली डेपोत नाहीत. कुठं आहेत ते मला ठाऊक आहे आणि ते मी माझ्या बायकोलाही सांगितलेलं नाही. नवऱ्याचे भाऊ अजून डेपोत येतात, गोड बोलून विचारतात. माझ्याबरोबर आता एक नवा कंडक्टर असतो. चांगला आहे. त्याचं मशीन कायम पोटावर असतं. आरशात बघायची मला सवय राहिलेली नाही.

पण त्या सकाळचं सांगतो. काय घडलं ते बाईंनी पुढं पाटीवर लिहून सांगितलं. घरी गेल्या तेव्हा नवरा ओसरीवर बसला होता. गाडीतल्या कुणीतरी फोन करून त्याला सांगितलं होतं, बाई खाकी उतरवून, साडी नेसून ड्रायव्हरबरोबर साताऱ्याला गेल्यात. त्यानं शांतपणे विचारलं, कुठं गेली होतीस. बाई म्हणाल्या, "बसा संपतराव, सांगते." पहिल्यांदाच तोंडावर नाव. त्यानं ट्रॅक्टरचा पाना उचलला.

वॉर्डात गेलो तर बाईंचा जबडा दोन ठिकाणी मोडलेला, दात तारांनी बांधलेले, एक डोळा मिटलेला. आणि पायथ्याशी तो. स्वच्छ टोपी, हातात शहाळं. शेजारी स्टुलावर हवालदार कागद घेऊन बसला होता. नवऱ्याचा जबाब जवळजवळ लिहून झाला होता.

"हेच ते ड्रायव्हर," तो मला बघून हात जोडत म्हणाला. "काल जादा गाडी होती. ह्यांनी ब्रेक मारला. जुनी सवय हाय त्यांची. आमी लय सांगून बघितलं." आणि हवालदारापुढं दवाखान्याचे जुने कागद ठेवले. सहा वर्षांचे, व्यवस्थित टाचलेले. प्रत्येकावर ब्रेक. प्रत्येक वेळचा ड्रायव्हर मी. डेपोत कुणालाही विचारलं असतं तरी त्यानं सांगितलं असतं, होय, तो कचका आहे. माझ्या गप्प बसण्यातून त्या माणसानं भिंत बांधली होती, आणि बाई तिच्यामागं पडल्या होत्या.

"ब्रेक मारला का काल?" हवालदारानं विचारलं.

"नाही," मी म्हणालो. "काल मी गाडीच चालवली नाही. आणि सहा वर्षांत एकदाही मारला नाही. एकदाही नाही! हे सगळे कागद खोटे आहेत. मला माहीत होतं आणि मी बोललो नाही, तेही लिहा." मी ओरडत होतो. नर्स धावत आली.

"ड्रायव्हरसाहेब, शांत व्हा," तो म्हणाला. "आमची मंडळीच सांगंल की, काय झालं ते." आणि बाईंच्या बांधलेल्या तोंडाकडं बघून हसला. काकवी वाटताना हसायचा तसाच.

बाईंनी उघड्या डोळ्यानं दाराकडं बघितलं. दारात श्रेया उभी होती, माझा फोन गेल्यावर धावत आलेली. कॉलेजची बॅग तशीच पाठीवर. बाईंनी तिला हातानं जवळ बोलावलं आणि तिच्या हातातल्या मोबाइलला बोट लावलं.

श्रेयानं मोबाइल हवालदारापुढं धरला. आधी पोरांचा गोंगाट, मग तांब्यातलं गारगार पाणी, आणि मग बाईंचा आवाज. दंड. करंगळी. पोट. प्रत्येकामागं ते एक नाव. वॉर्डातल्या आजारी बायका कोपरावर उठून बसल्या. शहाळं जमिनीवर पडलं. "बंद करा ते," तो म्हणाला. पुढं झाला, तर मी मधे उभा राहिलो. आरशातून बघणारा मी, आयुष्यात पहिल्यांदा मधे उभा राहिलो. तो थांबला.

मागं वळून पाहिलं तर तारांच्या आडून बाईंचे ओठ हलत होते. आवाज येत नव्हता.

हवालदारानं जुना कागद फाडला, नवा घेतला आणि वर लिहिलं, संपतराव.

"आडनाव?" त्यानं विचारलं.

ते मी सांगितलं.